उतारावरची थंडी

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील डोंगरांवर ‘सुगी’ नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची लागवड होते. आपल्या सुगीशी त्याचे नाते नाही. तेथे उतारावरून हळूहळू सरकणारे बर्फ कोवळी झाडे दडपते, आणि वाचलेल्या झाडांच्या बुंध्याशी जन्माचा बाक राहतो. भंडाऱ्यात बर्फ कोठून येणार? पण थंडी येते, आणि तीही जमिनीचा उतार पाहूनच येते.

पौषातल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. तिच्या लगतची हवा गार व जड होऊन पाण्यासारखी ओघळते आणि खोलगटात साचते. महाबळेश्वरी दंव गोठते ते वेण्णा तलावाच्या व लिंगमळ्याच्या सखल परिसरात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. कान्ह्याच्या खोऱ्यांत कडेला साल आणि मध्ये नुसते गवत दिसते, त्यालाही इतर कारणांबरोबर ही थंडी कारण आहे.

साग थंडीला हळवा. 1905 च्या आरंभी उत्तर व मध्य हिंदुस्थानात असामान्य थंडी पडली, तेव्हा कोणता वृक्ष किती सोसतो हे वनाधिकाऱ्यांना दिसून आले. ट्रूप यांच्या 1921 च्या ग्रंथात त्याचा ऊहापोह आहे. सखल जागी करपलेला साग मुळापासून पुन्हा फुटतो खरा, पण दर हिवाळ्यात शेंडा जळाला तर त्याचे झाड न होता झुडूप होते. त्यातून पाणी साचणारी जमीनही त्याला मानवत नाही.

1974 साली वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि विदर्भात कित्येक ठिकाणी मिश्र जंगल तोडून सागाची लागवड झाली. जंगल सरसकट तोडले की वरचे छत्र जाते. गवताएवढे रोप उघड्या आकाशाखाली थंडी सोसते. नकाशावर चौकोन आखून लागवड करणे सोपे असते, पण चौकोनात टेकडीही येते आणि तिच्या पायथ्याची खोलगटही येते. खोलगट वगळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उतार वाचण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळ्यांनी येथे तलाव बांधले; 1999 पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगाव बांध त्यांतलाच. चढावर जंगल, टेकड्यांच्या मध्ये पाळ घालून अडवलेले पाणी, पाळीखाली धान, अशी त्यांची मांडणी. खोलगटात त्यांनी इमारती लाकूड शोधले नाही. गार हवेलाही पाळ असते, बरे का: खोऱ्याच्या तोंडाशी आडवा वाढलेला दाट झुडपांचा पट्टा तिला तुंबवतो, आणि वरच्या अंगाची रोपे त्यात बुडतात. तलावाला सांडवा ठेवतात, तशी त्या पट्ट्यातही हवेला वाट ठेवावी लागते.