शिवराकाचे दिवस

श्रावणातल्या सोमवारी मालवणच्या बाजारात दोन बायका भेटल्या की बोलणं साधारण असं होतं : "आज काय केलास?" "काय नाय गे, शिवराक." उत्तरातला स्वल्पविराम नावापुरताच असतो. ताटात मासा नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात त्या 'काय नाय'मध्ये काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं, टाकळ्याची किंवा अळवाची भाजी असते, उकड्या तांदळाचा भात असतो आणि वर वाटीभर सोलकढी.

शहरात हेच जेवण आता वेगळ्या नावाने आणि बऱ्याच उत्साहाने खाल्लं जातं. आठ-पंधरा दिवस मांस-मासे, दूधदुभतं बंद. 'डिटॉक्स' आणि 'व्हिगन'. यातला दुसरा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी घडवला. दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून त्यांना स्वतःला वेगळं काढायचं होतं. मालवणच्या किनाऱ्याला असं वेगळं व्हायची गरज कधी पडली नाही. इथे माणूस शिवराक नसतो, दिवस शिवराक असतो.

हा शब्द कुठून आला? कोकणी आणि मालवणी दोन्हींत तो आहे आणि त्याचं मूळ 'श्रावक', म्हणजे जैन गृहस्थ, या शब्दात सांगितलं जातं. श्रावकांचं जेवण ते शिवराक. मासे खाणाऱ्या मुलखाने बिनमाशाच्या जेवणाला शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या माणसाचं नाव द्यावं, हे मजेशीरच. पण ते शेजारी काही कल्पनेतले नव्हते. विजयदुर्गच्या खाडीवरचं खारेपाटण हे जुनं व्यापारी बंदर. शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो, आणि गावात जैन मंदिरही आहे. खाडीतून गलबतं वर यायची, माल उतरायचा आणि व्यापाऱ्यांच्या चुली पेटायच्या. त्या चुलींवर मासा शिजत नाही, हे गावाने पाहिलं असणारच. भाषेने ते टिपून ठेवलं.

आता दुधाचं पाहू. शिवराक जेवणातले कितीतरी पदार्थ दुधाच्या थेंबाशिवाय होतात, आणि त्यामागे कुठलंही तत्त्वज्ञान नाही. कातळावरच्या सड्यावर चरणारी कोकणातली गाय लहान चणीची. दूध देणार थोडंच, त्यातलं वासराला किती आणि घरात किती, याचाच हिशेब.  याच किनाऱ्यासमोर, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कुरटे बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावं दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावं ठेवणाऱ्यांच्या मनात पाण्याची गोडीच असणार. पण ज्या किनाऱ्यावर या तिन्ही गोष्टी चंगळीच्या, तिथे त्यांची नावं विहिरींना मिळावीत, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

दुधाची जागा नारळाने घेतली. शिरवाळ्यांचा बेत असला की घरात सकाळपासून खोबरं किसलं जातं. विळीवर पाय रोवून बसलेली बाई नारळाची कवड फिरवत राहते. करवंटीचा काळपट भाग कीसात उतरू नये म्हणून हात शेवटी हलका होतो. कीस वाटून फडक्यात पिळला की पहिला दाट रस निघतो. चोथ्यावर कोमट पाणी घालून पुन्हा पिळला की दुसरा, पातळ. पातळ रस आमटी-सांबाऱ्यात जातो. दाट रसात गूळ आणि वेलची पडते आणि त्यात वाफाळत्या तांदळाच्या शेवया, म्हणजेच शिरवाळे, बुडतात. खापरोळ्यांनाही हाच रस. सोलकढी म्हणजे कोकमाचं आगळ, नारळाचा रस, लसूण आणि मिरची. नागपंचमीच्या पातोळ्या म्हणजे तांदूळ, खोबरं, गूळ आणि हळदीचं पान. वॉटसनला यातल्या कशावरही आक्षेप घेता आला नसता. हा स्वयंपाक घडवणाऱ्या बायकांना मात्र वॉटसनचं म्हणणं पटवून देणं जड गेलं असतं, कारण गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याच चुलीवर बांगड्याचं तिखलं उकळणार असतं.

श्रावण का पाळायचा, याचं एक कारण हल्ली सगळीकडे ऐकू येतं : पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून पूर्वजांनी मासे वर्ज्य केले. ऐकायला छान आहे, पण किनाऱ्याच्या सवयींशी ते पुरतं जुळत नाही. आषाढात समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या, तरी घरात मासा असतोच. उन्हाळ्यात वाळवलेले जवळे, खारवलेले बांगडे खास पावसासाठी ठेवलेले असतात. मृगाचा पाऊस पडला की ओहोळांतून चढणीचे मासे येतात, शेतांच्या बांधांवर कुर्ल्या सापडतात. अंडी भरलेले चढणीचे मासे तर कौतुकाने खाल्ले जातात! माशांच्या विणीची काळजी हे व्रताचं मूळ असतं, तर तो मासा आधी सुटायला हवा होता. मग महिनाभर हात आखडायचा तो देवासाठी, आणि थोडा जिभेसाठीही. खारवलेल्या बांगड्याला माणूस दोन महिन्यांत कंटाळतोच.

त्याच वाळूवर राहणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचं गणित तर उलटं. ईस्टरआधीच्या उपासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासा चालतो. एकाच रापणीतल्या दोन वाटेकऱ्यांपैकी एकाचा उपास मासा मोडतो आणि दुसऱ्याच्या उपासाला तो तारतो.

विणीचा मुद्दा खरा धरला तो सरकारने. महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारीची बंदी असते. जुना हिशेब नारळी पौर्णिमेचा होता. त्या दिवशी मालवणच्या बंदरावर किल्ल्यावरून मानाचा नारळ वाजतगाजत येतो, दर्याला अर्पण होतो, आणि बाजारात नारळ लढवण्याच्या पैजा रंगतात. नारळ पडला की दर्या शांत झाला असं मानून होड्या लोटायच्या. आता एक तारीख इंग्रजी महिन्याची आणि दुसरी चांद्र महिन्याची, त्यामुळे दर वर्षी वेगळाच तिढा. २०२४ साली बंदी ३१ जुलैला संपली आणि श्रावण ५ ऑगस्टला, तोही सोमवारी सुरू झाला. श्रावण पाळणाऱ्यांच्या वाट्याला ताज्या माशाचे जेमतेम चार दिवस आले. २०२५ मध्ये तर २५ जुलैलाच श्रावण लागला. होड्या समुद्रात गेल्या तेव्हा पाळणारी घरं आठवडाभर आधीच शिवराक झाली होती. २०२३ चा अधिक श्रावण आणखी पेचाचा. अधिक महिना धरायचा की फक्त निज, यावर घराघरांत आपापल्या सोयीचं धर्मशास्त्र निघालं.

भाद्रपदात व्रताचं टोक येतं ते ऋषिपंचमीला. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून नांगरटीच्या शेतातलं धान्य नको. परसातला अळू, माठ, सुरण, भेंडी, शिराळी, भोपळा आणि मक्याची कणसं एकत्र शिजवायची. ऋषींच्या या भाजीतला मका आणि लाल भोपळा हे दोघेही मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्याआधीच्या कुठल्याही ऋषीने ते पाहिले नसणार. तरी मका नसलेली भाजी आज कुणाला ऋषीची वाटत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने गौरी येते, आणि कोकणातल्या काही घरांत तिला तिखटाचा नैवेद्य लागतो. गणपतीपुढे पडदा ओढायचा आणि माहेरवाशिणीला मासा-मटण वाढायचं. व्रत मोडायचा मान देवीचा.

शरीर शुद्ध करायचा म्हणून सांगितलेला विधी मात्र दिवाळीत. नरकचतुर्दशीला अंधारातच अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं, त्याचा कडू गर जिभेला लावणं. आणि अनेक घरांत सातविणीच्या सालीचा रस. साल ठेचून, वाटून, फडक्यातून गाळलेलं ते पाणी घोटभरच असतं. पहिल्यांदा पिणारं पोर पेला नाकाशी नेतं, आजीकडे पाहतं, डोळे मिटून गिळतं आणि गुळाच्या खड्यासाठी हात पुढे करतं. मग ताटात येतात पोहे : गोड, तिखट, ताकातले, नारळाच्या रसातले, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. सालीच्या रसाने वर्षभराचं पोट साफ होतं, असं आजी सांगते. तो हिशेब यकृत आणि मूत्रपिंडं बारा महिने चुकता करत असतात, हे तिला कुणी सांगत नाही. ही साल मात्र औषधी म्हणून फार जुनी. एकोणिसाव्या शतकात तापावर क्विनाइनच्या जागी तिचे प्रयोग झाले. झाडाच्या लॅटिन नावातलं 'स्कोलॅरिस' शाळेकडे बोट दाखवतं, कारण त्याच्या लाकडाच्या पाट्या मुलं लिहायला वापरत.

साल आणायचं काम घरातल्या जाणत्या माणसाचं. रानात काजराही असतो, त्याची सालही कडू, पण ती विषारी. म्हणून आधी वर पाहायचं : सातविणीची पानं एका पेरावर बहुधा सात, छत्रीसारखी पसरलेली. मग कोयता बुंध्याला लागतो, पांढरा चीक ओघळतो. हाताएवढा तुकडा निघाला की पुरे. शेजारी गेल्या वर्षीची खूण कडेने भरत आलेली असते, आणि तिच्या वर त्याच्याही आधीची.