शिष्यवृत्ती मिळणे आणि टिकणे : प्रगतीच्या अटीचा इतिहास

उच्च शिक्षणाच्या इतिहासात शिष्यवृत्ती कोणी सुरू केली आणि किती जणांना मिळाली, याची नोंद सापडते. एकदा मिळालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी कोणत्या अटीवर चालू राहिली आणि कोणत्या कारणाने बंद झाली, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. गरीब घरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. प्रवेशाच्या वेळी आधार मिळाला आणि दुसऱ्या वर्षी तो सुटला, तर पहिल्या वर्षाचा खर्च आणि श्रम दोन्ही वाया जातात. प्रस्तुत लेखात या अटीची चार उदाहरणे कालक्रमाने पाहावयाची आहेत.

पहिले उदाहरण बडोदे संस्थानाचे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या सरकारने १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड होती. त्यासाठी जून १९१३ मध्ये करार झाला. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असे त्यात ठरले होते. म्हणजे येथे अट गुणांची नव्हती, मुदतीची आणि सेवेची होती. १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला गेले. तेथील अभ्यास चालू असतानाच वाढवून मिळालेली मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना भारतात परतावे लागले. जगातील कोणत्याही परीक्षकाला त्यांच्या प्रगतीविषयी शंका घेता आली नसती, तरीही पैसा थांबला. लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली होती. तिच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. आर्थिक आधार तुटला तरी परतीचा दरवाजा उघडा राहिला, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना आंबेडकरांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला सविस्तर निवेदन सादर केले. त्यात शिक्षणासाठी मदतीची मागणी होती. १९४४-४५ पासून ही योजना सुरू झाली. तिच्या २०१० च्या सुधारित नियमावलीत प्रगतीच्या अटीचा विचार बारकाईने केलेला दिसतो. विद्यार्थी वरच्या वर्गात गेला की शिष्यवृत्ती चालू राहते. वैद्यक, अभियांत्रिकी यांसारख्या पहिल्या गटातील अभ्यासक्रमात तो प्रथमच नापास झाला तरी ती चालू ठेवता येते. दुसऱ्यांदा नापास झाल्यास पुढच्या वर्गात जाईपर्यंत खर्च त्याने स्वतः सोसावयाचा. विद्यापीठाच्या नियमानुसार खालच्या वर्गाचे विषय बाकी असताना वरच्या वर्गात प्रवेश मिळाला, तर वरच्या वर्गाची शिष्यवृत्तीही मिळते. येथे मोजमाप टक्केवारीचे नसून पुढे सरकण्याचे आहे.

तिसरे उदाहरण अल्पसंख्याकांसाठीच्या योजनेचे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपला अहवाल सादर केला. २००१ च्या जनगणनेच्या आधारे समितीने दाखवून दिले, की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवीधर किंवा पदविकाधारकांचे प्रमाण सुमारे ७ टक्के, तर मुस्लिमांमध्ये ४ टक्क्यांहूनही कमी आहे. त्याच वर्षी पंतप्रधानांचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम जाहीर झाला होता आणि त्यानुसार २००७-०८ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पालकांचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आणि मागील परीक्षेत किमान ५० टक्के गुण, ही पात्रता ठरली. ३० टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखून ठेवल्या गेल्या. नूतनीकरणालाही ५० टक्क्यांचीच अट होती. याचा अर्थ असा, की विद्यापीठाने उत्तीर्ण ठरवलेला ४८ टक्क्यांचा विद्यार्थी वरच्या वर्गात जात होता, पण शिष्यवृत्तीच्या यादीतून गळत होता. उत्तीर्णतेची रेषा एक आणि मदतीची रेषा दुसरी, असे अंतर येथे पडले. ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच व्यक्ती आहे, त्या घरातील मुलीला हे अंतर सर्वात जास्त जाचक ठरते, कारण तिचे शिक्षण थांबवण्यासाठी घरच्यांना एवढे निमित्त पुरते.

चौथे उदाहरण अमेरिकेचे. तेथे १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने केंद्र सरकारच्या मदतीचा पाया घातला. १९७२ मध्ये गरजू विद्यार्थ्यांसाठी मूलभूत अनुदान आले. त्यालाच १९८० पासून पेल अनुदान म्हणतात. १९७६ च्या दुरुस्तीने ‘समाधानकारक प्रगती’ ही अट कायद्यात आणली, पण समाधानकारक कशाला म्हणावे हे कॉलेजांवर सोपवले. १९८६ मध्ये दुसऱ्या वर्षाअखेर ‘सी’ श्रेणीची सरासरी किंवा तत्सम पातळी आवश्यक झाली. २०१० मध्ये जाहीर होऊन जुलै २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी आजची चौकट ठरवली. अभ्यासक्रम ठरलेल्या लांबीच्या दीडपटीत पुरा झाला पाहिजे. ६० श्रेयांकांचा अभ्यासक्रम असेल तर जास्तीत जास्त ९० श्रेयांकांसाठी नाव नोंदवता येते. म्हणून घेतलेल्या श्रेयांकांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरे करावे लागतात.

ही अट सौम्य नाही. सोडून दिलेला विषयही घेतलेल्यांत मोजला जातो. मात्र अट मोडताच मदत तोडलीच पाहिजे असे बंधन नाही. सत्राअखेर तपासणी करणारे कॉलेज प्रथम एका सत्राची ताकीद देऊ शकते आणि त्या काळात मदत चालू राहते. त्यानंतर आजारपण, नातेवाइकाचा मृत्यू किंवा अन्य विशेष कारण दाखवून अपील करण्याची सोय कॉलेज ठेवू शकते. ते मान्य झाल्यास परिवीक्षेचे सत्र मिळते, किंवा पुढील अभ्यासाचा आराखडा आखून दिला जातो. मार्च २०२० च्या कायद्याने तर कोरोनामुळे अपुरे राहिलेले श्रेयांक या हिशेबातून वगळण्याची मुभा कॉलेजांना दिली.

या चार उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. सार्वजनिक पैसा देताना अट असणारच आणि ती असावीही. प्रश्न अटीच्या कडकपणाइतकाच घसरलेल्या विद्यार्थ्याला सावरण्यासाठी नियमात जागा आहे की नाही, याचा आहे. नियम बदलणे आपल्या महाविद्यालयांच्या हाती नाही. तथापि ताकीद देण्याचे काम शिक्षक नियमाविनाही करू शकतात. प्रवेशाच्या वेळीच नूतनीकरणाची अट विद्यार्थ्याला आणि पालकांना समजावून सांगणे, पहिल्या चाचणीनंतर काठावरच्या मुलामुलींची यादी करणे, आजारपणाचे दाखले वेळेवर घेऊन ठेवणे, ही कामे लहान आहेत. आपल्या समाजाच्या संस्था स्वतःच्या निधीतून शिष्यवृत्ती देतात, तेथे तर नियमही आपणच करतो. त्यात गुणांच्या अटीशेजारी एका संधीचे कलम लिहिले, तर या इतिहासाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.