रमण्यापासून शुल्काच्या पावतीपर्यंत

विद्यार्थ्याला शिकविण्याचा खर्च आणि विद्यार्थ्याला जगविण्याचा खर्च हे दोन निरनिराळे खर्च होत. परंतु आपल्या प्रांताच्या शिक्षणेतिहासात पहिल्याची जितकी चर्चा झाली तितकी दुसऱ्याची झालेली नाही. आज महाविद्यालये व विद्यापीठे आरोग्यतपासणी, जिमखाना, विमा, विद्यार्थी-कल्याण अशा निरनिराळ्या सदरांखाली विद्यार्थ्याकडून रकमा घेतात, आणि खर्च वाढला की त्याच रकमा वाढविण्याचा ठराव होतो, तेव्हा ही पद्धत जणू पूर्वापार चालत आलेली आहे अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः विद्यार्थ्याच्या अन्नाचा, निवाऱ्याचा आणि प्रकृतीचा भार गेल्या तीनशे वर्षांत सरदारांच्या खजिन्यावर, कुणब्याच्या साऱ्यावर, गृहिणीच्या स्वयंपाकघरावर, संस्थानाच्या दौलतीवर, इतकेच नव्हे तर शिक्षकाच्या पगारावरही पडलेला आहे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खिशाकडे तो सर्वांच्या शेवटी आला.

श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी पाडला, आणि १७३१ साली डभईच्या रणांगणावर त्रिंबकराव दाभाडे पडून त्या घराण्याचे तेज मंदावल्यावर तो पेशव्यांनी पुण्यास चालविला. पर्वतीच्या पायथ्याशी बांधलेल्या रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून आलेले ब्राह्मण कोंडीत, आणि बाहेर सोडताना प्रत्येकाच्या हातावर दक्षिणा पडे. ज्यांचे अध्ययन विशेष त्यांची शास्त्र्यांकडून परीक्षा होऊन अधिक बिदागी मिळे. यात दानधर्माचा भाग मोठा आणि विद्येचा लहान होता हे खरे असले, तरी अध्ययन करणाऱ्याचा योगक्षेम राज्याने चालवावा हे तत्त्व त्यात निःसंशय होते. मात्र अध्ययन करणारा कोण असावयाचा हे जन्मानेच ठरलेले होते, आणि ज्या रयतेच्या वसुलातून हा खजिना भरे तिच्या मुलांना रमण्याचे दार उघडे नव्हते. या व्यवस्थेचे गुणगान करताना ही गोष्ट वगळणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा करणे होय.

पेशवाई बुडाली तरी दक्षिणा एकाएकी बंद झाली नाही. एल्फिन्स्टनसाहेबांनी ती मर्यादित रकमेत चालू ठेवली, आणि तिच्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तेथील विद्यार्थ्याने फी द्यावयाची नसून उलट त्यालाच सरकारातून वेतन मिळावयाचे, ही गोष्ट आजच्या वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावी. कारण याच पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज आणि त्याचे डेक्कन कॉलेज झाले. पुढे नव्या ब्राह्मणांना दक्षिणा देणे थांबविण्यात आले व मयत होणाऱ्यांच्या रकमा शिल्लक पडू लागल्या, तेव्हा त्या शिलकेचे काय करावे यावरून पुण्यात मोठा वाद माजला. लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी १८४९ साली सरकारास अर्ज केला की, हा पैसा मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन देण्याकडे लावावा. सनातन मंडळी इतकी खवळली की अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी आपली माणसे उभी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि काही काळाने याच निधीतून दक्षिणा फेलोंच्या नेमणुका होऊ लागल्या. रा. गो. भांडारकरांसारखा प्रकांड पंडित या फेलोशिपच्या आधाराने पुढे आला. श्रावणातल्या दानाचा असा उपयोग होईल हे दाभाड्यांच्या स्वप्नीही आले नसते.

फीचे तत्त्व आले ते १८५४च्या वुडच्या खलित्यातून. कितीही अल्प असली तरी काही फी घेतली जावी, म्हणजे मुलांची हजेरी नियमित राहील आणि पालकांना विद्येची किंमत वाटेल, असा त्या खलित्याचा आशय होता. यातील विचार सर्वस्वी चुकीचा होता असे मला वाटत नाही. परंतु ज्याच्या घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत त्याला किंमत पटवून देण्यासाठी फी लागत नाही, एवढे त्या खलित्याच्या कर्त्यांना उमगले नाही. दरम्यान मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाऊ लागला आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणाकडे जाऊ लागला. रयत अशा रीतीने प्रत्यक्ष फी न देताही शिक्षणासाठी पैसा मोजीत होतीच. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बोट ठेवले ते नेमके येथे: सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा शेतकऱ्याच्या घामातून येतो, उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. ज्या वर्गांत विद्येचा प्रसार नाही त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत अशीही त्यांची मागणी होती. विद्यार्थि-साहाय्याचा खर्च कोणी करावा, या प्रश्नाला आपल्याकडे न्यायाची कसोटी लावणारा पहिला पुरुष म्हणून जोतीरावांचेच नाव घेतले पाहिजे. पुढच्या सर्व चर्चा त्याच कसोटीवर पारखावयाच्या आहेत.

पुण्यातील ब्राह्मण विद्यार्थी तेव्हा वार लावून किंवा माधुकरी मागून जगत. आठवड्याचे सात वार सात घरी, हा क्रम अनेक विख्यात पुरुषांच्या बालपणात आढळतो, आणि त्या घरांतील ज्या स्त्रियांनी हा भार उचलला त्यांची नावे कोणत्याही संस्थेच्या अहवालात नाहीत. १९०९ साली पुण्यास निघालेल्या अनाथ विद्यार्थिगृहाने याच परंपरेला संस्थेचे रूप दिले. शिक्षकांनीही हा भार आपल्या पगारावर घेतला: डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद दरमहा पंचाहत्तर रुपयांवर राहिले, ते विद्यार्थ्याला केलेले साहाय्यच नव्हे काय? जो पैसा अध्यापकाने घेतला नाही तो विद्यार्थ्याला द्यावा लागला नाही.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी वेगळी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमान बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. दरबाराने जागा, इमारती आणि वार्षिक नेमणुका द्याव्या आणि त्या त्या समाजाने वर्गणी जमवावी अशी योजना होती. वसतिगृहे जातवार होती, हा दोष म्हणून आज दाखविला जातो; परंतु ज्या काळी एका पंक्तीस बसणे अशक्य होते त्या काळी खेड्यातल्या मुलाला शहरात निदान एक छप्पर मिळावे, याचा दुसरा उपाय नव्हता. जैन बोर्डिंगात राहणाऱ्या भाऊराव पाटील नावाच्या एका मुलाने मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे नाकारले, आणि त्याबद्दल त्याला बाहेर काढण्यात आले.

त्याच भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडनजीकच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. धनिणीच्या बागेतील त्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एकत्र जेवीत. पैसा नव्हता. मुष्टिफंड म्हणून गावोगाव मूठमूठ धान्य जमा होई. ते पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९२७ साली महात्मा गांधींनी हे बोर्डिंग पाहिले. मुले शेतात राबत, खडी फोडीत, स्वयंपाक करीत आणि शिकत. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षणातही आली. विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाचा भार उचलावा, असे आज सांगणारे पुष्कळदा भाऊरावांचा दाखला देतात, म्हणून येथे थोडे थांबणे प्राप्त आहे. भाऊरावांचा विद्यार्थी श्रम देत होता, रोकड नव्हे. आणि ज्याला श्रम देता येतात त्याला दारिद्र्यामुळे दारातून परत जावे लागत नाही. रोख शुल्काची गोष्ट अगदी उलट आहे. या दोहोंना एकच स्वावलंबन म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

सरकारी अनुदानावर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचेच होते. १९४८ साली खेर मंत्रिमंडळाने भाऊरावांच्या राजकीय मतांवरून रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबविले, आणि गाडगे महाराजांनी रदबदली केल्यावर ते पुन्हा चालू झाले. मधल्या काळात संस्था जगली ती रयतेने दिलेल्या धान्यावर व वर्गणीवर. गोमंतकातही पणजीस १९०८ साली स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेने मूठभर तांदळावर शाळा चालविण्याचा असाच प्रयोग केला होता, हे येथे जाता जाता नमूद करतो.

स्वातंत्र्यानंतर शासनाने हात पुढे केला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या देण्याची सुरुवात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच, १९४०नंतरच्या त्या दशकात झाली होती. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफी आली आणि ‘ई.बी.सी.’ हा शब्द घराघरात पोहोचला. पण माफ झाली ती शिक्षणाची फी. जेवणाचे आणि खोलीचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. पुण्यास त्याआधीच, १९५५ साली, अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली होती ती याच उणिवेपोटी.

१९८३नंतर वसंतदादा पाटलांच्या धोरणाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, आणि शुल्क हेच संस्थेच्या उत्पन्नाचे मुख्य साधन झाले. अनुदानित महाविद्यालयांतही शिक्षण शुल्काखेरीजच्या सदरांची यादी लांबत गेली. समुपदेशक, दवाखाना, अपंग विद्यार्थ्यांसाठी सोयी, या सर्वांची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे, आणि सर्वांनी थोडेथोडे देऊन गरजूच्या उपयोगी पडावे या कल्पनेत वाईट काही नाही. परंतु हे शुल्क सधन व निर्धन यांच्यावर सारख्याच आकड्याने बसते, शिक्षण शुल्काची माफी मिळालेल्या मुलालाही ते पुष्कळदा भरावे लागते, आणि जमा झालेला पैसा त्याच कामी खर्च झाला की नाही याचा हिशेब देणाऱ्यांच्या नजरेस क्वचितच पडतो. ज्याला या सेवांची सर्वांत अधिक गरज त्यालाच ते देणे सर्वांत जड जाते. जोतीरावांच्या कसोटीला हे उतरत नाही. शुल्क घ्यावयाचेच असेल तर ते पालकाच्या उत्पन्नाप्रमाणे घ्यावे, फीमाफी मिळालेल्यास त्यातूनही मोकळे करावे, आणि त्याचा जमाखर्च दरसाल विद्यार्थ्यांपुढे मांडावा.

जगविण्याचा खर्च निराळा आहे ही गोष्ट शासनाने स्वतःही अलीकडे मान्य केली आहे. जुन्या ई.बी.सी. सवलतीला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले, त्याच सुमारास २०१६मध्ये वसतिगृहाच्या निर्वाहभत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने दुसरी योजना निघाली; आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भोजन व निवास यांसाठी रोख साहाय्य देणारी स्वाधार योजना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने सुरू झाली.