श्वसनसंच, अग्निशमन दलाचे : बदली खरेदी

धुराने व विषारी वायूंनी भरलेल्या जागेत शिरणाऱ्या जवानाला पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा पुरवणारे साधन. भारतीय दलांत त्याला ‘बीए सेट’ म्हणतात. आयुष्य संपलेले किंवा मानकाच्या मागे पडलेले संच बाद करून नवे घेणे हा शहरांच्या अग्निशमन साधनखरेदीतील मोठा भाग असू शकतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकी शहरांतील पद्धतीविषयी आहे.

रचना : दाबाखालील हवेचा सिलिंडर, दाब कमी करणारा झडपसंच, श्वासागणिक हवा सोडणारा डिमांड व्हॉल्व्ह, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, पट्टे, दाबमापक आणि हवा संपत आल्याची शिट्टी. अमेरिकी संचांत जवान निश्चल पडल्यास आपोआप वाजणारा भोंगाही असतो. सिलिंडरवर ३०, ४५ किंवा ६० मिनिटे असे लिहिलेले असले, तरी हा आकडा मिनिटाला ४० लिटर हवा लागेल असे धरून काढलेला असतो. जिना चढताना किंवा माणूस ओढून आणताना हवा याहून कितीतरी वेगाने संपते.

इतिहास : पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये ऑक्सिजनवर चालणारे, उच्छ्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे ‘प्रोटो’ संच दीर्घकाळ वापरात होते. १९५८ साली स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरातील आगीत दोन जवान गुदमरून मरण पावले. त्यानंतर आत गेलेल्यांची नोंद ठेवणारे फलक आणि इशारा शिट्टी यांवर ब्रिटनमध्ये भर देण्यात आला. अमेरिकेत १९४५ साली स्कॉट कंपनीने वैमानिकांच्या श्वसनसाधनांच्या अनुभवावर ‘एअर-पॅक’ बाजारात आणला.

आधुनिक संचाचा पाया मात्र नासाच्या प्रकल्पाने घातला. जुने संच इतके जड होते, की अनेक जवान ते न घालताच धुरात शिरत. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्राने हे काम हाती घेतले. रॉकेटच्या मोटारीच्या आवरणासाठी विकसित झालेले तंत्र सिलिंडरला लावण्यात आले : आत ॲल्युमिनियमचे पातळ अस्तर, त्यावर काचतंतूंचे वेटोळे. हवेचा कालावधी ३० मिनिटांचाच राहिला, पण पूर्ण संचाचे वजन सुमारे एक-तृतीयांश घटून साधारण ९ किलोग्रॅमवर आले. वजन खांद्यांवरून कमरेवर उतरवण्यात आले आणि मास्कमधून दिसण्याचा टप्पा वाढला. १९७४–७५ मध्ये न्यूयॉर्क, ह्यूस्टन व लॉस एंजेलिस या तीन शहरांच्या दलांनी प्रत्यक्ष आगींत त्याची चाचणी घेतली. खरेदीदार शहराच्या जवानांनी आधी वापरून पाहायचे, मग निर्णय घ्यायचा, या रीतीचा हा सर्वांत चांगला दाखला होय.

बदलीची कारणे : तंतूंचे वेटोळे असलेल्या सिलिंडरचे आयुष्य साधारणतः १५ वर्षे धरले जाते, त्यानंतर तो शाबूत दिसला तरी भरता येत नाही. दरम्यान ठराविक मुदतीने जलदाब चाचणी करावी लागते. दुसरे कारण मानकाचे. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या क्रमांक १९८१ च्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीने इशारा २५ ऐवजी ३३ टक्के हवा उरली असताना देण्याचे ठरवले आणि मास्कच्या काचेची उष्णता-चाचणी कडक केली. १९९९ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील शीतगृहाच्या आगीत वाट चुकलेल्या दोन जवानांची हवा संपत आली आणि त्यांना शोधायला गेलेले चौघेही परतले नाहीत. ही घटना पाहता उरलेल्या हवेचा प्रश्न किरकोळ मानता येत नाही.

खरेदी : संपूर्ण दलाचे संच एकदम बदलावेत की टप्प्याटप्प्याने, याविषयी मतभेद आहेत. टप्प्यांमुळे अंदाजपत्रकावरील ताण कमी होतो. तथापि अमेरिकेत संचाला मान्यता मिळते ती सगळ्या भागांसह एकत्र. एका उत्पादकाच्या पाठपट्ट्यावर दुसऱ्याचा सिलिंडर चढवला की ती मान्यता रद्द होते. चौरस इंचाला २,२१६ पौंड दाबावरून ४,५०० पौंडांकडे वळणाऱ्या शहराला हवा भरणारा कॉम्प्रेसरही बदलावा लागू शकतो. प्रत्येक जवानाच्या चेहऱ्यावर मास्क घट्ट बसतो का, याची चाचणी दरवर्षी बंधनकारक आहे. दाढी असल्यास मास्क हवाबंद बसत नाही. निविदेत या बाबी वगळल्या, तर स्वस्त पडलेला देकार पुढे महाग ठरतो. अमेरिकेत २००१ पासून अशा खरेदीसाठी केंद्रीय अनुदान मिळते. मध्यम शहरांचा स्वतःचा हिस्सा १० टक्के असतो.

देखभाल : यासाठी अमेरिकेत स्वतंत्र मानक आहे.

भारत : संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयांत येते. उच्छ्वास बाहेर सोडून देणाऱ्या, म्हणजे ‘खुल्या’, हवेच्या संचांसाठी आयएस १०२४५ (भाग २) हे मानक आहे. सिलिंडरला नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. ही अट निविदेत पहिल्याच पानावर असावी. मान्यता नसलेला सिलिंडर कितीही हलका असला तरी दलाने स्वीकारू नये.