आभासी संगणक आणि प्रोसेसरची ओळख : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
जुलै २०२० मध्ये पनवेल येथे हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचे ७,२०० रॅक क्षमतेचे 'एनएम-१' हे डेटा सेंटर सुरू झाले. डेटा सेंटरमध्ये सामान्यतः एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविले जातात. त्यांतील कार्यप्रणाली प्रोसेसरची ओळख विचारते तेव्हा उत्तर हायपरवायझर देतो. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
आयबीएमने १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली. मेनफ्रेमवर ओळख विचारणारी आज्ञा विशेषाधिकारातील असल्याने नियंत्रक प्रणालीला ती अडवून स्वतःचे उत्तर देता येई. संवेदनशील आज्ञा विशेषाधिकारातीलच असाव्यात, ही अट १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी मांडली. एक्स८६ प्रोसेसर या अटीत बसत नव्हते. १९९३ मध्ये पेंटियमबरोबर आलेली 'सीपीयूआयडी' ही आज्ञाही कोणताही प्रोग्राम थेट वापरू शकत असे. इंटेलने २००५ मध्ये 'व्हीटी-एक्स' तंत्र आणले, तेव्हापासून गेस्टने ही आज्ञा देताच नियंत्रण हायपरवायझरकडे जाऊ लागले. २००७ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झालेले 'केव्हीएम' याच तंत्रावर उभे आहे.

त्यामुळे व्यवस्थापकापुढे दोन पर्याय आले. यजमान प्रोसेसर जसाच्या तसा दाखविल्यास त्याच्या सर्व सुविधा मिळतात. परंतु चालू आभासी संगणक जुन्या सर्व्हरवर हलविल्यास तेथे नसलेली आज्ञा वापरली जाऊन प्रोग्राम कोसळू शकतो. सर्व सर्व्हरना समान असे जुने मॉडेल दाखविल्यास स्थलांतर सुकर होते, पण नव्या सुविधा लपतात. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' हे दोष उघड झाले, तेव्हा या दुसऱ्या पर्यायाची किंमत कळली. मायक्रोकोडमधून मिळालेली नवी संरक्षक सुविधा गेस्टला दाखविली नसेल, तर यजमान अद्ययावत असूनही आतील कार्यप्रणालीस ती वापरता येत नसे.

समारोप :
एकेकाळी यंत्राचा गुणधर्म असलेली ओळख आता व्यवस्थापकाने केलेली नोंद झाली आहे. अनेक गणिती लायब्ररी याच नोंदीवरून आज्ञांची निवड करतात. परिणामी गणनेचा वेग आणि क्वचित शेवटचे दशांशही बदलतात. म्हणून आभासी संगणकावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांनी निष्कर्षांबरोबर दाखविलेल्या प्रोसेसर-मॉडेलचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे.