फेरफार केलेल्या यंत्राचे दोषनिदान : फॅमिकॉमच्या कंट्रोलरचा इतिहास

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांची दुरुस्ती हा इतिहासाच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या यंत्रात मागाहून फेरफार झाले आहेत, त्याच्या कंट्रोलरमधील दोष शोधताना कारागिरास पडणारे प्रश्न बहुतांशी ऐतिहासिकच असतात. अमुक भाग मूळचा की मागाहून बसविलेला? मागाहून बसविलेला असल्यास तो कोणत्या परंपरेतून आला? निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इ. स. १९७७ मध्ये अमेरिकेत आलेल्या अटारी कन्सोलच्या जॉयस्टिकमध्ये चार दिशा व एक बटण यांपैकी प्रत्येकास स्वतंत्र तार होती. एक तार तुटली की एक दिशा बंद पडे; दोष आणि लक्षण यांचे नाते सरळ होते. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या फॅमिकॉमने ही पद्धत सोडली. त्याच्या पहिल्या कंट्रोलरमध्ये संकेत आठ, परंतु ते वाहून नेणारी तार एकच. कंट्रोलरमधील ४०२१ जातीचे शिफ्ट रजिस्टर कन्सोलचा इशारा मिळताच आठही बटणांची स्थिती टिपून घेते आणि पुढील प्रत्येक स्पंदाबरोबर एकेक संकेत ठरलेल्या क्रमाने पाठविते : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावी, उजवी. संकेतास स्वतःची खूण नाही. त्याचा अर्थ केवळ स्थानावरून ठरतो. ज्या भाषांत विभक्तिप्रत्यय नसून पदक्रमच अर्थ ठरवितो, त्यांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही.

या रचनेमुळे निदानाची रीतही पालटली. एकच बटण चालत नसेल, तर दोष सामायिक तारेत असणे संभवत नाही. बटणाखालच्या रबरी गादीचा विद्युत्वाहक थर झिजला आहे किंवा पट्टीवर मळ साचला आहे, असे मानावे. संकेत नेणारी तार तुटल्यास आठही बटणे एकदम मुकी होतात. स्पंदाची तार तुटली तर रजिस्टर पुढे सरकत नाही, आणि कन्सोल आठही वेळा पहिलाच संकेत वाचते. मग ए दाबताच सर्व बटणे दाबल्यासारखी वाटतात, आणि इतर बटणांचा काहीच परिणाम होत नाही.

कधी कधी कंट्रोलर निर्दोष असूनही दोषी ठरतो. फॅमिकॉमच्या २ए०३ या प्रोसेसरमध्ये मुद्रित ध्वनीचे नमुने वाजविण्याची सोय आहे. स्मृतीतून नमुना उचलण्याचा आणि कंट्रोलर वाचण्याचा क्षण एकच आला, तर कंट्रोलरकडे एक जादा स्पंद जातो. एक संकेत गळतो, त्यामागील सर्व संकेत एकेक स्थान पुढे सरकतात, आणि शेवटच्या स्थानी ‘दाबले आहे’ असेच वाचले जाते. ते स्थान उजव्या दिशेचे असल्याने पात्र आपोआप उजवीकडे जाऊ लागते. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या गेमच्या आज्ञावलीत यावर उपाय आढळतो : दोन वाचने परस्परांशी जुळेपर्यंत कंट्रोलर पुनःपुन्हा वाचला जातो. पाठचिकित्सक दोन पोथ्या ताडून पाहतो, त्याच जातीचा हा उपाय होय.

खरी गुंतागुंत फेरफारातून उद्भवते. मूळ फॅमिकॉमचे दोन्ही कंट्रोलर यंत्रास कायमचे जोडलेले होते. सुटे होणारे कंट्रोलर १९९३ च्या नव्या आवृत्तीत आले. त्यामुळे जुन्या यंत्रांना पुढे अनेकांनी स्वतः सॉकेट बसविली. १९९० च्या दशकात भारतीय शहरांत ज्या फॅमिकॉमच्या नकला खपल्या, त्यांतील पुष्कळांचे कंट्रोलर नऊ पिनांचे होते. नऊ पिनांचा हाच आकार अटारीचा, आणि १९८८ च्या सेगा मेगा ड्राइव्हचाही. परंतु अटारीत पाच व्होल्टचा पुरवठा सातव्या पिनेवर, तर मेगा ड्राइव्हमध्ये तो पाचव्या पिनेवर आहे. तेथे सातवी पिन निवडीच्या संकेतासाठी वापरली जाते. म्हणजे आकार एक, अर्थ भिन्न. दोन भाषांतील शब्दांचे ध्वनिसाम्य पाहून त्यांचे नाते जोडू नये, हा तौलनिक व्याकरणाचा पहिला धडा येथेही लागू पडतो. सॉकेटमध्ये कंट्रोलर नीट बसला, एवढ्यावरून तो त्या यंत्राचा ठरत नाही. मल्टिमीटर लावून प्रत्येक पिनेचा पुरावा घ्यावा लागतो.

या विवेकाअभावी मूळचा धड कंट्रोलर नादुरुस्त म्हणून फेकला जातो आणि त्यासोबत एक अस्सल साधन नष्ट होते. सबब, यंत्रात फेरफार करणाराने कोणती तार कोठे जोडली याची नोंद यंत्राच्या आतच ठेवावी. नोंद नसलेला फेरफार हा प्रक्षेप होय. मूळ पाठ आणि प्रक्षेप यांचा विवेक करण्याचे काम मग पुढील पिढीच्या वाट्यास येते, आणि तोवर मूळ पाठ हाती उरेलच याची शाश्वती नसते.