सौर पॅनेल उभारणी साहित्य : पेटंट परीक्षण

सौर पॅनेल छपरावर किंवा जमिनीवर पक्के बसवणाऱ्या रेल, क्लॅम्प, ब्रॅकेट इ. भागांवरील पेटंट अर्जांची छाननी. भारतात ती पेटंट अधिनियम, १९७० नुसार होते. पिंपरी-चिंचवडमधील सांगवीचा अर्जदार मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणासाठी मात्र वेगळी विनंती करावी लागते. २०२४ च्या नियमदुरुस्तीने तिची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आणली.

परीक्षक नावीन्य, शोधक पायरी व औद्योगिक उपयुक्तता तपासतो. छायाविद्युत पॅनेलांचे आधारसांगाडे एच०२एस २०/०० या आंतरराष्ट्रीय वर्गात मोडतात; जुन्या दस्तऐवजांचा शोध प्रामुख्याने तेथे घेतला जातो. ज्ञात भागांची नुसती जुळवाजुळव कलम ३(एफ) नुसार शोध ठरत नाही. उदा., दोन पॅनेलांच्या फटीतील क्लॅम्पला धारदार दाते दिले, की ते चौकटीवरील ॲनोडीकृत, वीजरोधक थर फोडून अर्थिंग जोडतात. ही युक्ती आता परिचित असल्याने तेवढ्यावर पेटंट मिळणे कठीण. दात्यांची रचना वेगळी असून तिचा तांत्रिक लाभ दाखवावा लागतो. बोल्टचा आकार किंवा धातू बदलणे सहसा पुरत नाही.

पहिल्या परीक्षण अहवालातील आक्षेप ६ महिन्यांत दूर करावे लागतात. विनंतीवरून ३ महिने वाढवून मिळतात. मंजुरीपूर्वी कोणालाही विरोध नोंदवता येतो. मंजूर पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. ते टिकवण्यासाठी नूतनीकरण शुल्क भरावे लागते.